तांबड्या शाईचा इतिहास

मी चाकणच्या एका कारखान्यात ट्यूब मिलवर काम करतो. पत्र्याची पट्टी एका टोकाने आत जाते, रोलरांच्या रांगेतून वळत वळत गोल होते, वेल्ड होते आणि दुसऱ्या टोकाला पाइप होऊन बाहेर पडते. राहायला निगडीच्या ओटा स्कीममध्ये. पहिली पाळी असली की कंपनीची बस तळवडे, म्हाळुंगे करत जाते आणि अंधारातच इंद्रायणी ओलांडते. याच नदीत तुकोबाच्या वह्या बुडवायला लावल्या असं आपण लहानपणापासून ऐकत आलो. शूद्राने लिहायचं नाही, हे सांगायला त्या काळी अख्खी नदी लागली. आता एक तांबडा पेन पुरतो.

हे मी अनुभवाने बोलतोय. तीन वर्षांपूर्वी मी कामावरून बी.ए.ला बाहेरून नाव घातलं. पहिल्याच वर्षी एक निबंध लिहून द्यायचा होता. विषय मी निवडला, कंत्राटी कामगार. रात्रपाळीनंतर जागून चौदा पानं लिहिली. परत आली तेव्हा पहिल्या पानावर तांबड्या शाईत चारच शब्द होते. भाषा अशुद्ध. पुन्हा लिहा.

अशुद्ध हा शब्द आपल्याला नवा नाही. आपल्या हाताने पाणी अशुद्ध झालं, सावलीने रस्ता अशुद्ध झाला, पायाने देऊळ अशुद्ध झालं. आता आपल्या हातून वाक्यही बाटलं म्हणायचं! मी पानं ट्रंकेत टाकली आणि वर आयचं जुनं लुगडं ठेवलं. दोस्त म्हणाला, कुणालातरी दाखव, मदत माग. मी म्हणालो, मागायची सवय आपल्या बापजाद्यांनी येसकरकीच्या भाकरीपायी पुष्कळ केली. मी लिखाणासाठी हात पसरणार नाही.

हे बोलायला बरं वाटलं. पण निबंध ट्रंकेतच राहिला. त्यात जे सांगायचं होतं तेही ट्रंकेतच राहिलं. मग प्रश्न पडला की आपल्याआधी ज्यांनी लिहिलं ते कसे लिहायला शिकले? त्यांना कुणी मदत केली? आणि मदत घेऊन ते मिंधे झाले का? सुट्टीच्या दिवशी मिळेल ते वाचत गेलो. त्यातून जे हाती लागलं ते तुमच्यापुढे ठेवतो. कुठल्या प्राध्यापकासाठी हे लिहिलेलं नाही. आपल्यातला जो पोरगा आज आपली पानं लपवून बसला असेल त्याच्यासाठी आहे.

सुरुवात पुण्यापासूनच. १८५५ साल. अमेरिकन मिशनऱ्यांचं ‘ज्ञानोदय’ नावाचं पत्र निघत होतं. त्याच्या १५ फेब्रुवारी आणि १ मार्चच्या अंकांत दोन भागांत एक निबंध छापून आला. विषय, मांग-महारांचं दुःख. लिहिणारी होती मुक्ता, मांगाची चौदा वर्षांची पोरगी. जोतीराव आणि सावित्रीबाईंच्या शाळेत तिचं शिक्षण अवघं तीन वर्षं झालेलं. आजच्या हिशोबाने तिसरी पास.

तिसरी पास पोरगी काय लिहिते? ती लिहिते की पेशवाईत तालीमखान्यासमोरून मांग-महार गेला तर त्याचं डोकं उडवून गुलटेकडीच्या मैदानावर त्याचा चेंडू करत. ती लिहिते की वाड्याच्या पायात आमच्या माणसांना तेल-शेंदूर पाजून पुरत. आमच्या बाया बाळंत होतात तेव्हा त्यांच्या डोक्यावर छप्परसुद्धा नसतं. आणि वेद वाचायचा अधिकार आम्हाला नसेल, तर मग आम्ही धर्मपुस्तकाविना राहिलो, आमचा धर्म कोणता ते तरी सांगा, असा सवाल ती करते. आजही पुण्यात गुलटेकडीला मार्केट यार्डात हमाली करणारे आपले लोक आहेत. त्यांनी हा निबंध वाचावा.

मुक्ताला अक्षरं शाळेने दिली. निबंध कसा मांडावा हे मास्तरांनी शिकवलं असेल. पण गुलटेकडीचा चेंडू कुठल्या मास्तराने सांगितला नसता. तो तिच्या वस्तीत, तिच्या आजा-पणजाच्या तोंडात होता. शाळेने तिच्या तोंडातलं काढून आपलं घातलं नाही. तिच्या तोंडातलं कागदावर यायला वाट करून दिली. शाळेत पाहुण्या साहेबांनी खाऊ द्यायला काढला तेव्हा, खाऊ नको, वाचनालय द्या, असं ती म्हणाली असं सांगतात. काय मागावं हे तिला कळत होतं. मागणं म्हणजे भीक, असं तिला वाटलं नाही.

आणि सावित्रीबाई तरी कोण? लग्न होऊन आली तेव्हा तिला लिहायला येत नव्हतं. जोतीरावांनी शिकवलं, मग मिशनरी बायांकडे शिक्षिकेचं शिक्षण झालं, आणि तीच १८४८ साली मुलींना शिकवायला उभी राहिली. १८५५ साली दोघांनी आपल्या घरीच शेतकरी-कामकऱ्यांसाठी रात्रीची शाळा काढली. दिवसभर राबलेला माणूस रात्री पाटीवर वळणं काढतोय, हे दृश्य डोळ्यांपुढे आणा. कामगारांना लिहायला मदत करायची जागा पुण्यात पावणेदोनशे वर्षांपूर्वी होती. ही आपली परंपरा आहे, विलायतेहून आलेली नाही.

आता तांबड्या शाईकडे येऊ. १८७३ साली जोतीरावांची ‘गुलामगिरी’ आली. १८७४ पासून विष्णुशास्त्री चिपळूणकर ‘निबंधमाला’ काढू लागले. जोतीरावांच्या पुस्तकांवर लिहिताना शास्त्रीबोवांनी त्यांच्या भाषेच्या आणि व्याकरणाच्या चुका काढून टर उडवली. म्हणजे बघा, जोतीराव विचारतात, आमच्या मानेवर जू कुणी ठेवलं? त्यावर उत्तर मिळतं, तुमची वाक्यरचना चुकली. सवालाला जवाब नसला की व्याकरण काढायचं, ही युक्ती तेव्हापासूनची. आजही सभेत आपला पोरगा बोलायला उठला आणि ‘पानी’ म्हणाला की मागल्या रांगेत हसू फुटतं. पाण्याचं काय झालं, हे कुणी विचारत नाही.

जोतीरावांनी यावर काय केलं? १८८५ साली पुण्यात मराठी ग्रंथकारांची सभा भरणार होती. न्यायमूर्ती रानड्यांनी बोलावणं धाडलं. जोतीरावांनी पत्र लिहून साफ नकार दिला आणि ते पत्र त्याच ‘ज्ञानोदया’त छापून आलं, जिथे तीस वर्षांपूर्वी मुक्ता छापली होती. जे लोक माणसाला माणसाचे हक्क द्यायला तयार नाहीत, त्यांच्या सभांशी आणि पुस्तकांशी आमचा मेळ बसायचा नाही, असा त्याचा आशय. आपल्या साहित्यातला नकार तिथून सुरू होतो.

पण मित्रांनो, नकार कशाला दिला ते नीट बघा. जोतीरावांनी शिकण्याला नकार दिला नाही. सारी हयात त्यांनी शिकण्या-शिकवण्यात घालवली. नकार दिला तो हक्क नाकारणाऱ्या सभेला. ही दोन वेगळी माणसं आहेत. एक तुमची चूक दाखवून तुम्हाला गप्प करतो, दुसरा तुमची चूक दाखवून तुम्हाला बोलतं करतो. दोघांच्या हातात पेन तांबडाच असतो. मी माझ्या ट्रंकेवर बसून या दोघांना एकच समजत होतो.

पुढे अर्ज-विनंत्यांचा काळ येतो. गोपाळबाबा वलंगकर लष्करातून पेन्शन घेऊन आले आणि लिहू लागले. १८८८ साली त्यांनी ‘विटाळ विध्वंसन’ काढलं. १८९४ साली लष्करभरतीच्या हक्कासाठी सरकारकडे करायच्या अर्जात ते पुढे होते. मग पुण्याच्या कॅम्पात नोकरी करणारे शिवराम जानबा कांबळे. १९०३ साली त्यांनी सासवडला एक्कावन्न गावच्या महारांची सभा भरवली. १ जुलै १९०८ ला ‘सोमवंशीय मित्र’ काढलं. १९१० साली दख्खनच्या महारांचा अर्ज थेट लंडनला भारतमंत्र्यांकडे गेला, पोलीस आणि पलटणीत घ्या म्हणून.

अर्ज लिहिणं हे त्या काळी साधं काम नव्हतं. कचेरीबाहेर अर्जनवीस बसत. पैसे द्या, ते लिहून देणार. पण अर्जनवीस त्याला येतं तेच लिहितो. मायबाप सरकार, आम्ही गरीब, आम्ही लाचार, दया करावी. तुमचा अंगठा आणि त्याची भाषा. कांबळ्यांच्या पिढीने अंगठ्याच्या जागी सही आणली आणि दयेच्या जागी हक्काची मागणी. कागद इंग्रजीत गेला, साहेबी रीतीने गेला, पण मागणी वस्तीची होती. रीत त्यांची घेतली, म्हणणं आपलं ठेवलं. पुढे ३१ जानेवारी १९२० ला ‘मूकनायक’ निघालं तेव्हा त्याच्या माथ्यावर तुकोबाचा अभंग होता. इंद्रायणीत बुडवलेला माणूस मुक्या लोकांच्या पत्राच्या माथ्यावर वर आला!

आता बाबासाहेबांकडे येतो. माझं ट्रंकेचं कुलूप इथं उघडलं.

आपल्याला बाबासाहेबांच्या पदव्या पाठ आहेत. एम.ए., पीएच.डी., डी.एस्सी. आपण त्या गाण्यात म्हणतो, फलकावर रंगवतो. पण त्या पदव्यांच्या मागे किती वेळा लिहावं लागलं हे आपण गात नाही. ९ मे १९१६ ला कोलंबिया विद्यापीठात त्यांनी जातींवरचा आपला निबंध वाचला तो गोल्डनवायझर यांच्या चर्चासत्रात. वय पंचवीस. म्हणजे आज आपल्यातल्या कित्येकांचं आहे तेवढंच. लिहायचं, चारचौघांत वाचायचं, लोक प्रश्न विचारतील ते ऐकायचं, अशी तिथली रीत. वर्षभराने, मे १९१७ मध्ये, तो निबंध ‘इंडियन अँटिक्वरी’त छापून आला.

मग लंडन. पैसे संपले म्हणून १९१७ साली शिक्षण अर्धं टाकून परत यावं लागलं, १९२० साली पुन्हा गेले. ऑक्टोबर १९२२ मध्ये त्यांनी रुपयाच्या प्रश्नावरचा प्रबंध डी.एस्सी.साठी सादर केला. आणि प्रबंध परत आला. परीक्षकांनी सांगितलं, पुन्हा लिहा.

मित्रांनो, हे वाक्य मी दोनदा वाचलं. बाबासाहेबांना सांगितलं, पुन्हा लिहा. माझ्या पानावर होते तेच दोन शब्द.

चरित्रकार धनंजय कीर सांगतात की त्यातली सरकारच्या धोरणावरची टीका परीक्षकांना झोंबली होती. बाबासाहेबांजवळ तोवर पैसे उरले नव्हते. एप्रिल १९२३ मध्ये ते मुंबईला परतले आणि इथून त्यांनी प्रबंध पुन्हा लिहिला. निष्कर्ष बदलले नाहीत. मांडणी बदलली, भाषेची धार जिथे लागत होती तिथे सांभाळली. ऑगस्टमध्ये प्रबंध पुन्हा सादर झाला आणि नोव्हेंबर १९२३ मध्ये डी.एस्सी. मिळाली. त्याच वर्षी ‘द प्रॉब्लेम ऑफ द रुपी’ हे पुस्तक लंडनला निघालं. त्याला प्रस्तावना त्यांच्या गुरूची, प्राध्यापक एडविन कॅनन यांची. त्या प्रस्तावनेत कॅनन उघड लिहितात की आंबेडकरांची बरीचशी मतं मला पटत नाहीत, पण त्यांच्या विचारात जो ताजेपणा आहे तो मला चेतवतो.

असा गुरू हवा. मत पटत नाही म्हणून त्याने शिष्याची वही बुडवली नाही. आणि असा शिष्य हवा. वही परत आली म्हणून त्याने ती ट्रंकेत टाकली नाही. मदत घेतली, सूचना घेतल्या, निष्कर्ष मात्र जागचा हलू दिला नाही. हाच आपला गज, यावर प्रत्येक मदत मोजायची. दुरुस्तीनंतर आपलं म्हणणं आपलं राहिलं का? राहिलं असेल तर ती मदत. नसेल तर ती बुडवणूक.

लिहिण्याची ही ओढ त्यांना शेवटपर्यंत होती. आपल्या जवळचंच ठिकाण घ्या. २५ डिसेंबर १९५४ ला बाबासाहेब देहूरोडला आले आणि त्यांच्या हस्ते बुद्धमूर्तीची स्थापना झाली. आपण दरवर्षी तिथं जातो, मेणबत्ती लावतो. कीर लिहितात की त्या सभेत त्यांनी सांगितलं, साध्या माणसाला समजेल अशा सोप्या भाषेत बुद्धाच्या शिकवणीवर मी पुस्तक लिहितोय. आजाराने शरीर खचलेलं, पण काळजी कसली, तर आपलं पुस्तक साध्या माणसाला समजलं पाहिजे याची. भाषा शुद्ध आहे की नाही यापेक्षा समोरच्याला पोचते की नाही, ही त्यांची कसोटी होती.

आता जरा लांब जाऊ, पण बाबासाहेबांच्याच पायवाटेने. ते ज्या कोलंबियात शिकले तिथून चालत जाण्याइतक्या अंतरावर हार्लेम, न्यूयॉर्कमधली काळ्यांची वस्ती. तिथल्या टेकडीवर सिटी कॉलेज आहे. कॉलेज हार्लेममध्ये, पण आत हार्लेमची पोरं मोजकीच. एप्रिल १९६९ मध्ये काळ्या आणि पोर्तोरिकन विद्यार्थ्यांनी कॉलेजच्या इमारतींचा ताबा घेतला. मागणी होती की शहराच्या शाळांत जी मुलं आहेत तीच कॉलेजात दिसली पाहिजेत. लढा झाला आणि १९७० पासून न्यूयॉर्कच्या सिटी विद्यापीठाने हायस्कूल पास झालेल्या प्रत्येकाला दार उघडलं.

दार उघडलं आणि हजारो मुलं आत आली. त्यांनी आयुष्यात कधी धड निबंध लिहिला नव्हता. विद्वान ओरडले, दर्जा बुडाला! आपल्याकडे राखीव जागांवर जे ओरडतात त्यांचीच ही भावंडं. तेव्हा मिना शॉनेसी नावाच्या एका बाईने वेगळं काम केलं. ती तिथं लिखाण शिकवायच्या विभागाची प्रमुख होती. तिने या मुलांचे सुमारे चार हजार निबंध घेतले आणि चुका मोजण्याऐवजी चुका वाचल्या. १९७७ साली तिचं ‘एरर्स अँड एक्स्पेक्टेशन्स’ हे पुस्तक आलं. तिचं सांगणं असं की ही मुलं मठ्ठ नाहीत, ती नवशिकी आहेत. त्यांच्या चुकांनाही नियम असतो. तो नियम सापडला की शंभर चुका एकदम सुटतात. याच कॉलेजात जून जॉर्डन, ऑड्री लॉर्ड अशा काळ्या कवयित्रींनी या मुलांना लिहायला शिकवलं. कवीने वर्गात उतरायचं काम केलं.

या लढ्याचंही पुढे काय झालं ते सांगितलं पाहिजे. १९७६ साली शहराची तिजोरी आटली असं सांगून या विद्यापीठाने पहिल्यांदाच फी लावली. दार उघडं होतं, पण दाराशी पैशाची पेटी ठेवली. आपल्याला हे ओळखीचं आहे. १९७२ साली मुंबईत दलित पँथर उभी राहिली ती नाव अमेरिकेतल्या काळ्या भावांकडून घेऊन. नाव घेतलं, त्यांची झुंज घेतली. त्यांच्या या लिखाणाच्या वर्गाची गोष्ट मात्र आपण घेतली नाही. ती आता घेऊ.

अमेरिकेतल्या विद्यापीठांत आज ‘रायटिंग सेंटर’ नावाची खोली असते. तिचं काम कसं चालतं ते समजून घ्या. तुम्ही तुमची पानं घेऊन जायचं. समोर बसलेला माणूस बहुधा तुमच्यापेक्षा दोन-चार वर्षांनी मोठा विद्यार्थीच असतो. तुम्ही आपलं लिखाण मोठ्याने वाचायचं. तो विचारतो, इथं तुला काय म्हणायचं आहे? आधी म्हणणं, मग मांडणी, शुद्धलेखन सगळ्यात शेवटी. पेन तुमच्या हातात. तो लिहून देत नाही, मार्क देत नाही, तुमच्या मास्तराला चुगली करत नाही. स्टीफन नॉर्थ नावाच्या प्राध्यापकाने १९८४ साली लिहिलं की या खोलीचं काम लिखाण सुधारायचं नसून लिहिणारा घडवायचं आहे. आपल्या देशातही हे आलं आहे. सोनिपतच्या अशोका विद्यापीठात असं केंद्र आहे, पण तिथली फी ऐकून आपल्या वस्तीला फेफरं येईल. दिल्लीच्या जे.एन.यू.त खेड्यापाड्यांतल्या मुलांना इंग्रजीची मदत करणारा कक्ष चालतो.

हे सगळं वाचून झालं आणि एका रविवारी मी ट्रंक उघडली. पिंपरीच्या एका विहारात एक ताई पोरांना बसवते हे ऐकून होतो. ती दापोडीच्या वस्तीतली, गणेशखिंडीच्या विद्यापीठात संशोधन करते. मी पानं काढली तर म्हणाली, माझ्याकडे देऊ नका, तुम्हीच वाचा.

मी वाचायला लागलो. पहिलंच वाक्य, ‘कंत्राटी कामगार भांडवली व्यवस्थेच्या जोखडाखाली भरडला जात आहे.’ ताईने थांबवलं. म्हणाली, जोखडाखाली कुणी भरडत नाही दादा, भरडतात जात्यात. आणि तुमच्या कंपनीत हे जोखड ठेवलंय कुठं? मला राग आला. म्हणालो, ठेवलंय कुठं म्हंजे? सात-साडेसात महिने झाले की ब्रेक देतात. गेटपास काढून घेतात. आठ-दहा दिवस घरी बसवतात आणि मग नवा नंबर देऊन पुन्हा त्याच मशीनवर उभं करतात. २४० दिवस भरू नयेत म्हणून! चार वर्षांत माझे सहा नंबर झाले!

ताई म्हणाली, हे लिहा.

मित्रांनो, चौदा पानांत हे कुठंच नव्हतं. व्यवस्था होती, शोषण होतं, एल्गार होता. माझे सहा नंबर नव्हते. मी माझा गुलटेकडीचा चेंडू घरीच विसरून गेलो होतो आणि पुस्तकांतले मोठे शब्द उसने आणले होते. म्हणजे जी भाषा मी आपली म्हणून मिरवत होतो तीसुद्धा कुणाची तरी उतरलेलीच होती.

मग शेवटी शुद्धलेखन. चौदा पानांत साठ-सत्तर तांबडे गोल होते. ताईने मला ते गटात लावायला सांगितले. निघाल्या चारच चुका. ‘पानी’, ‘लोनी’, ‘कोन’, ही एकच चूक, घरात ण नाही म्हणून. शब्दाच्या शेवटची इ-ऊ मराठीत बहुतेक दीर्घ, हे माहीत नाही, ही दुसरी. आणि तो नियम कळल्यावर मी ‘आणि’ दीर्घ लिहिलं, तर तोच नेमका अपवाद! अनुस्वार तिसरी, आणि एकाच वाक्याला ‘आणि’ने दहा डबे जोडायचे ही चौथी. साठ चुकांचा माणूस खाली मान घालतो. चार चुकांचा माणूस कामाला लागतो. शॉनेसीबाईने न्यूयॉर्कात चार हजार निबंध वाचून जे शोधलं ते पिंपरीच्या विहारात सतरंजीवर बसून मला पटलं.

आमच्या ग्रुपमध्ये यावर भांडण झालं. एक साथी म्हणाला, तू त्यांच्या साच्यात गेलास. आपली बोली मोडून प्रमाण मराठी लिहायची म्हणजे मेंदूला जानवं घालायचं. त्याचं म्हणणं मी टाकून देत नाही. ‘पानी’ म्हटल्याने कुणी कमी होत नाही. माझ्या कवितेत मी ‘पानी’च लिहिणार आहे, कारण तिथं माझी आय बोलते. पण कामगार आयुक्ताच्या कचेरीत, कोर्टात, परीक्षेत समोरच्याला माझ्या ण-वर बोट ठेवून माझं म्हणणं उडवायची संधी मी कशाला देऊ? अण्णाभाऊ साठे शाळेत टिकले नाहीत, मुंबईत पाट्या वाचत अक्षरं पक्की केली. त्यांच्या लिखाणात वारणेची बोलीही आहे आणि कसलेली मराठीही. आणि १९५९ साली आलेली ‘फकिरा’ त्यांनी अर्पण केली ती बाबासाहेबांच्या लेखणीला. दोन्ही भाषा जवळ असलेला माणूस दोन हत्यारं घेऊन लढतो. कुठलं कधी काढायचं ते त्याने ठरवायचं. मदत म्हणून आलेल्याने ठरवायचं नाही.

आणखी एक धोका आहे. हल्ली मोबाइलला सांगितलं की तो अर्ज, निबंध, भाषण सगळं चुटकीसरशी लिहून देतो. शुद्ध, गुळगुळीत, एकही तांबडा गोल पडणार नाही असं. हा नवा अर्जनवीस आहे. स्वस्त आहे, नम्र आहे. त्याच्याकडून शब्दाचा अर्थ विचारा, नियम विचारा, काही बिघडत नाही. पण त्याला माझे सहा नंबर माहीत नाहीत. त्याच्यावर सोडलं तर तो पुन्हा जोखड आणि व्यवस्थाच लिहील.

मग करायचं काय? आपल्या पट्ट्यात पिंपरी, आकुर्डी, भोसरी, चाकण, सगळीकडे बाहेरून शिकणारे, आय.टी.आय. करून पुढे नाव घातलेले कामगार आहेत. प्रत्येक विहारात आठवड्याला दोन तास ठेवा. तीन नियम पुरेत. लिहिणाऱ्याने स्वतः वाचायचं. पेन त्याच्याच हातात राहील. त्याच्या निष्कर्षाला कुणी हात लावायचा नाही. आपल्यातला जो कुणी एम.ए., पीएच.डी. झाला असेल त्याने तिथं बसायचं. समाजाचं देणं म्हणजे फक्त जयंतीची वर्गणी नव्हे.

आणि विद्यापीठाकडेही जाऊ. १९४९ साली स्थापन झालेल्या पुणे विद्यापीठाला २०१४ साली सावित्रीबाईंचं नाव मिळालं. मराठवाड्यात नामांतरासाठी १९७८ ते १९९४ अशी सोळा वर्षं आपल्या माणसांनी रक्त सांडलं. नावाची किंमत आपल्याला ठाऊक आहे, म्हणून नावाचा अर्थही आपणच मागायचा. सावित्रीबाईंच्या नावाच्या विद्यापीठाने रविवारी आणि रात्री, फी न घेता, कामगारांना मराठीत लिहायला मदत करणारी खोली चालवावी. १८५५ साली दोन माणसांनी आपल्या घरात जे केलं ते एवढ्या मोठ्या विद्यापीठाला जड जाऊ नये.

निबंध मी पुन्हा लिहिला. चौदाची नऊ पानं झाली. पास झालो, मार्क बेताचेच. पण मागच्या महिन्यात मिलवरचा एक जोडीदार ब्रेकच्या तक्रारीचा अर्ज घेऊन आला. नववी नापास. म्हणाला, तुला येतं, तू लिहून दे, मी सही करतो. मी पेन उघडला. पहिली ओळ लिहिणार, तेवढ्यात हात थांबला. पेन त्याच्या हातात दिला आणि विचारलं, तुझे नंबर किती झाले?

तो बोटांवर मोजायला लागला. मग लिहायला लागला.

जय भीम.